लांब का, मालक?

घराबाहेर पडणाऱ्या माणसाला "कुठं निघालात?" असं विचारू नये, हे मला माझ्या आईनंही शिकवलं होतं. पण आमच्याकडं कुणी चुकून विचारलंच, तर आई कपाळाला आठी घालायची आणि विषय संपायचा. सोलापुरात भवानी पेठेत मी ज्यांच्या माडीवर भाड्यानं राहायचो, त्या मालकांकडं विषय तिथं सुरू व्हायचा. उंबऱ्याबाहेर पाऊल पडल्यावर कुणी हा प्रश्न केला, की मालक असतील तिथून मागं फिरायचे, घरी येऊन दाराजवळच्या बाकावर बसायचे, पितळी तांब्यातलं दोन घोट पाणी प्यायचे आणि मग पुन्हा निघायचे. प्रश्न गल्लीच्या तोंडाशी आला काय आणि स्टेशनवर आला काय, नियम एकच. एकदा ते होटगीला लग्नाला निघाले होते. गाडीत शेजारच्या माणसानं सहज विचारलं. मालक होटगीला उतरले आणि मिळेल त्या गाडीनं सोलापूरला परत आले. तिकडं अक्षता पडल्या तेव्हा ते घरी बाकावर बसून पाणी पीत होते.

"मग पुन्हा गेलात का?" मी विचारलं होतं.

"गेलो की. नवरानवरी निघून गेली हुती. बुंदी शिल्लक हुती."

मालक साठी ओलांडलेले, उंच, काटकुळे. कपाळावर विभूती, डोक्यावर पांढरी टोपी. खालच्या मजल्यावर त्यांचं शेंगा चटणीचं आणि कडक भाकरीचं दुकान. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, पूर्व भागातल्या विणकरांशी तेलुगू आणि रिक्षावाल्यांशी दखनी, अशा चार भाषा त्यांना येत आणि चारही भाषांत ते एकच गोष्ट सांगत: घाई असली तर आधी बसा. एखादा "मालक, लवकर आटपा, गाडी हाय," म्हणत आला की चटणी राहायची बाजूला, आधी त्याच्या बुडाखाली स्टूल यायचं. माणूस चडफडत बसायचा. आणि बसल्यावर निम्म्या वेळा त्याला काहीतरी विसरल्याचं आठवायचं, हेही मी पाहिलं आहे. त्यामुळं मालकांचा माज वाढायचा.

असा माणूस मॅरेथॉनच्या नादी कसा लागला, याला थोडा मी जबाबदार आहे. मी बँकेत नोकरीला, बदली होऊन आलेलो, एकटा. पोट सुटायला लागलं म्हणून रोज सकाळी तळ्याकडं पळायला जायचो आणि परत आल्यावर कुणी विचारो न विचारो, पळण्यावर व्याख्यान द्यायचो. मालक दुकान उघडत उघडत ऐकायचे. एकदा मी परदेशातल्या मोठमोठ्या मॅरेथॉनबद्दल सांगत होतो. कुठल्या शहरात किती गर्दी असते, कुठं चढ आहेत, कुठं वारा आहे. जर्मनीतल्या एका शहराचं नाव घेतलं आणि मालकांच्या हातातली दुकानाच्या दाराची फळी तशीच राहिली.

"तितं म्हाताऱ्या माणसाला घेत्यात का?"

"घेतात की. ऐंशी वर्षांचेही पळतात."

"रस्ता?"

"एकदम सपाट."

"मग आपलं नाव घाला," मालक म्हणाले आणि फळी बाजूला ठेवली.

मला वाटलं, थट्टा. पण आतून काकूंचा भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता. मालकीणबाईंना मी काकू म्हणायचो. त्यांचा आवाज असा थांबला की घरात काहीतरी मोठं घडलेलं असायचं.

नंतर काकूंनीच मला सांगितलं. मालकांना एकुलती एक मुलगी. ती पूर्व भागातल्या एका तेलुगू विणकर घरातल्या मुलाबरोबर शिकली, त्याच्याशीच रजिस्टर लग्न केलं आणि दोघं नोकरीसाठी जर्मनीतल्या त्याच शहरात गेली. लग्नानंतर तिनं फोन केला तेव्हा मालक तिला म्हणाले, "तुझ्या घरचं पाणीबी पिणार न्हाय." तेवढंच. पुढं फोन काकूंकडं.

"जावई पसंत नव्हता का?" मी विचारलं.

"पसंत नसायला काय झालं? त्याच्या आज्ज्याकडनंच आमी टॉवेल घ्येत हुतो. पोरगं लाखात एक हाय." काकूंनी परातीतलं पीठ गोळा केलं. "राग त्येचा न्हाय. लग्नाच्या दिशी ती बॅग घिऊन निघाली तवा हे हितंच बाकावर बसले हुते. पोरीचं डोळं सुजलेलं. ह्यांच्या तोंडापर्यंत आलतं, कुटं निघालीस म्हनून. पन निघालेल्या मानसाला इचारायचं न्हाई ना. गप बसले. ती मला मागनं म्हनाली, अव्वा, मी दारात लई वेळ चप्पल घालत हुते. अप्पांनी इचारलं असतं तर मागं फिरले असते, बसले असते, सगळं सांगितलं असतं."

मालकांना हे माहीत होतं का? होतं. काकूंनी सांगितलं होतं. मला आजही वाटतं की ती पाण्याची शपथ त्यांनी मुलीला घातली नव्हती, स्वतःला घातली होती. पण एकदा घातली ती घातली. पुढं नात झाली, तीही त्यांनी बघितली नव्हती. काकू व्हिडिओ कॉलवर नातीशी बोलत, तेव्हा मालक फोनच्या मागच्या बाजूला उभे राहायचे आणि नात कशी दिसत असेल याचा अंदाज काकूंच्या चेहऱ्यावरून घ्यायचे.

तर अशा माणसाला तिकडं जायचं होतं, पण लेकीकडं जायचं नव्हतं. सगळ्या पेठेला ते आपणहून सांगत, "मी पळायला चाललोय. कुनाच्या घरी न्हाय." शहराचं नाव तोंडानं घेत नसत, 'तिकडं' म्हणत. पेठेला सगळं ठाऊक होतं आणि पेठ गंभीर चेहऱ्यानं मान हलवायची.

या शर्यतीत नावं चिठ्ठ्या टाकून निघतात. मी दोन वर्षं माझं नाव भरत होतो आणि माझी चिठ्ठी काही निघत नव्हती. मालकांची पहिल्या फटक्यात निघाली. मी त्यांचं अभिनंदन केलं, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग तयारी. बूट मी निवडून दिले. पहिल्याच सकाळी लक्षात आलं, की मालक वाटेतल्या प्रत्येक देवळासमोर बूट काढून नमस्कार करतात. सोलापुरातल्या जुन्या पेठांतून पळणाऱ्यानं हा नियम पाळायचा म्हटलं तर तो पळतो कमी आणि नाड्या बांधतो जास्त. मी त्यांना समजावलं की पळता पळता मनात नमस्कार करावा. मालक म्हणाले, "तुमी बँकेत मनातल्या मनात सही करताव का?" शेवटी आम्ही नाड्यांच्या जागी लवचीक पट्ट्या बसवल्या आणि देवांना आपापल्या जागी ठेवलं.

खरी अडचण प्रश्नाची होती. पांढरा लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून, टोपी घालून मालक पळत निघालेत, असं दृश्य पेठेनं आजवर पाहिलं नव्हतं. ज्यानं त्यानं विचारलं, "कुटं निघालाव मालक, एवढ्या घाईनं?" मालक मागं. बाक, तांब्या, दोन घोट. पुन्हा निघाले की दूधवाला विचारायचा. पुन्हा मागं. पहिला आठवडा मालकांनी गल्लीचं तोंड ओलांडलं नाही. मी हिशेब केला, तर गल्लीतल्या गल्लीत त्यांचं पळणं माझ्यापेक्षा जास्त झालं होतं.

शेवटी काकू घरोघर जाऊन सांगून आल्या, की विचारायचंच असेल तर जुन्या रीतीनं विचारा, "लांब का?" हा प्रश्न मालकांना चालायचा. त्यात अपशकुन नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मालक निघाले की दोन्ही बाजूंनी "लांब का, मालक?" असा गजर सुरू झाला आणि मालक हात वर करून "व्हय, लांब," म्हणत पुढं जाऊ लागले. मला कुणी काही विचारत नसे.

पुढं पाण्याचा विषय निघाला. मी सांगितलं, की वाटेत जागोजागी टेबलं असतात, लोक पेले पुढं करतात आणि आपण न थांबता घ्यायचं असतं. मालकांनी एवढंच विचारलं, "त्ये पानी कुनाचं?"

"शर्यतवाल्यांचं."

"कुनाच्या घरचं न्हाय?"

"नाही."

"मग चालंल."

न थांबता पाणी पिण्याचा सराव हवा म्हणून मी पेठेतल्या पाचसहा घरांना दारात पेला घेऊन उभं राहायला सांगितलं. ही माझी चूक. सोलापुरात दारात आलेल्या माणसाच्या हातात पाणी देऊन त्याला तसंच पुढं सोडणं म्हणजे त्याचा अपमान. पहिल्या घरी पाण्यामागून चहा आला. दुसऱ्या घरी "बसा की, मालक, ताक घेताव का?" झालं. तिसऱ्या घरी कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकेवर चर्चा झाली. मी पुढं जाऊन घड्याळ लावून उभा होतो. मालक आले तेव्हा ऊन चढलं होतं आणि त्यांच्या हातात वांग्याची पिशवी होती.

थंडीची तयारी त्यांनी स्वतःच्या डोक्यानं केली. त्यांच्या एका मित्राचं बेदाण्याचं शीतगृह होतं. तिथं मालक सोलापुरी चादर पांघरून जागच्या जागी पळायचे. मी एकदा बघायला गेलो. बेदाण्याच्या खोक्यांच्या रांगेत, तोंडातून वाफ काढत, चादरीतला माणूस वर-खाली होत होता. हमाल त्यांच्याकडं पाठ करून काम करत होते, कारण बघितलं तर हसू येत होतं आणि मालकांचा मित्र जवळच उभा होता. शर्यत शरद ऋतूत आहे, तिकडं तेव्हा एवढी थंडी नसते, हे मी सांगून पाहिलं. मालक म्हणाले, "थंडी तुमाला सांगून येती का?"

एका संध्याकाळी काकू माडीवर आल्या आणि म्हणाल्या, शर्यतीचा रस्ता फोनवर दाखवा. मी नकाशा उघडला. काकूंनी चष्मा पुसला, बोट सरकवत सरकवत एका पुलापाशी थांबल्या. "ह्या पुलाच्या अलीकडं. हितं लेकीचं घर हाय. रस्त्याला लागून." मी खाली पाहिलं. मालक बाकावर पेपर वाचत होते आणि बराच वेळ पान उलटत नव्हते. दुसऱ्या दिवशी पळताना त्यांनी मला विचारलं, "सायेब, त्या पुलाला चढ लई हाय का?"

"कुठल्या पुलाला?"

"असंल एखादा पूल. एवढं शहर हाय."

व्हिसासाठी मी मालकांना आणि काकूंना मुंबईला घेऊन गेलो. ऑफिस वातानुकूलित, सगळे कागद नीट लावलेले. आमचा नंबर आला. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "अंकल, कहाँ जा रहे हैं?"

मालक उठले. मी त्यांचा सदरा धरला, पण त्यांनी तो हलकेच सोडवला. इथून भवानी पेठेपर्यंत मागं जाणं त्यांनाही परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी तडजोड केली, निदान इमारतीबाहेर जाऊन यायचं ठरवलं. पाण्याची बाटली पहारेकऱ्यानं खाली ठेवून घेतली होती. मालक खाली गेले, पायरीवर बसले, दोन घोट प्यायले आणि पुन्हा रांगेत उभे राहिले. तोवर दुपार झाली. पुन्हा तीच मुलगी. तिनं तोंड उघडायच्या आत मी काउंटरवर जवळजवळ आडवा पडलो आणि मराठीत सगळं सांगितलं. तिचा चेहरा बदलला. फाइल सरळ करत ती म्हणाली, "माझी आजी पण असंच करायची." मग मालकांकडं बघून तिनं विचारलं, "लांब निघालात का, काका?"

"व्हय पोरी," मालक म्हणाले. "लई लांब."

मालक आणि काकू दोघंही गेले. सामानात कडक भाकऱ्यांची चळत, चटणीचे डबे आणि काकूंच्या पिशवीत तो पितळी तांब्या. तांब्या कशाला, असं मालकांनी विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "हाटेलातल्या पेल्यानं माजी तहान जात न्हाय." विमानतळावर अधिकारी पासपोर्ट उघडतोय तोवर काकूंनी खडाखडा शहराचं नाव, शर्यतीचं कारण आणि परतीची तारीख सांगून टाकली, म्हणून तिथला प्रश्न टळला. तिकडं पोचल्यावर मालक हॉटेलात उतरले. लेक हॉटेलात भेटायला आली तेव्हा हे नेमके सरावाला बाहेर पडलेले. काकू मात्र लेकीकडं जाऊन राहिल्या. शपथ त्यांनी घेतली नव्हती.

पुढचं मी पाहिलं ते काकूंच्या फोनवर, त्या परत आल्यावर. जावयानं घेतलेला व्हिडिओ होता आणि त्याचा हात हलत होता.

रस्त्याच्या कडेला दोरी बांधलेली, पलीकडून माणसांचा लोंढा चाललेला. दोरीच्या अलीकडं, आपल्या दारासमोर मालकांची मुलगी उभी. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. उंची मालकांची, उभं राहणंही मालकांचं. मग लांबून पांढरी टोपी दिसली. अंगात शर्यतीचा बनियन, छातीवर नंबर, खाली दुमडलेला लेंगा. लोक टोपीकडं बघून टाळ्या वाजवत होते. मालकांनी मुलीला पाहिलं, हे स्पष्ट कळत होतं, कारण त्यानंतर त्यांनी मान अशी सरळ धरली की ती कुठंच वळू नये. पाय मात्र मंद झाले. शर्यतवाल्यांच्या टेबलावरचं पाणी असतं तर घेता आलं असतं. हे लेकीचं घर होतं.

ते तिच्यासमोरून पुढं गेले. दोन हातांवरूनच गेले.

आणि मुलीनं विचारलं. कानडीत, घरातल्या भाषेत, फार मोठ्यानंही नाही. "अप्पा, एल्लिगे होंटीरी?" कुठं निघालात?

मालक आणखी चार पावलं गेले असतील. मग थांबले. पाठ आमच्याकडं. माणसं त्यांच्या दोन्ही अंगांनी पळत होती. एवढ्या दिवसांची तयारी, मुंबईची खेप, बेदाण्याची थंडी, सगळं त्या एका प्रश्नानं अडवलं होतं आणि प्रश्न विचारणारीला तो काय करतो हे लहानपणापासून माहीत होतं. मालक सावकाश वळले.

"इचारलंस," ते म्हणाले. पुढचं बोलणं कानडीतच झालं. काकूंनी ते मला मराठीत सांगितलं.

"व्हय, अप्पा."

"आता मागं फिरावं लागंल."

"मग फिरा की."

"घर लई लांब ऱ्हायलं, पोरी."

"न्हाई अप्पा," मुलगी म्हणाली. "हे काय, समोर हाय."

मालकांनी दोरी वर केली, टोपी धरून खालून वाकून अलीकडं आले. त्यानंतर व्हिडिओत नुसता रस्ता आणि जावयाचे बूट दिसतात, कारण जावई फोन बंद करायचं विसरून सासऱ्यांच्या पाया पडायला वाकला होता. मी तो व्हिडिओ पाहताना रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. काकू पदरानं फोन पुसत होत्या.

"मग पाणी?"

"दारात खुर्ची मांडून ठिवली हुती. तांब्या भरलेला हुता. तिच्या नळाचंच पानी." काकू थांबल्या. "ह्ये दोन घोट घेत्यात की न्हाय नेमाचे? आख्खा तांब्या रिकामा केला. आनि म्हनाले, आजून हाय का?"

"आणि शर्यत?"

शर्यत अशी झाली. पाणी पिऊन मालक नियमाप्रमाणं पुन्हा निघाले. दारात नात उभी होती. तिला आजीनं आठवडाभर एकच वाक्य शिकवून ठेवलं होतं. तिनं ते म्हटलं. मालक परत येऊन बसले, दोन घोट प्यायले, उठले. नातीला गंमत वाटली, तिनं पुन्हा म्हटलं. मालक पुन्हा बसले. असं किती वेळा झालं ते काकूंनी मोजलं नाही. शेवटी मालकांनी बूट काढले, तेव्हा बाहेर रस्ता झाडणारी गाडी फिरत होती.

परत आल्यावर पेठेनं हार आणले. कुणीतरी विचारलं, "मालक, पदक कुटं हाय?" मालक म्हणाले, "निघूच दिलं न्हाय की." दुकानात चटणी बांधता बांधता कुणी शर्यतीचं विचारलं, तर ते तिकडच्या रस्त्यांबद्दल एक शब्द बोलत नसत. नळाच्या पाण्याची चव मात्र पाव तास सांगत. माझी चिठ्ठी पुढं एकदाची निघाली, मी शर्यत पुरी केली, पदक माझ्या कपाटात आहे. मालकांना मी ते दाखवलं होतं. त्यांनी ते हातात घेऊन वजन पाहिलं आणि विचारलं, "वाटंत कुनी वळखीचं भेटलं का?"

मग माझी बदली झाली. टेम्पोत सामान चढलं, काकूंनी चटणीचा डबा दिला, मी पाया पडलो आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलो. ड्रायव्हरला उन्हाच्या आत गाव सोडायचं होतं. मालक दारात उभे होते. इतक्या वर्षांत मी त्यांना निघालेल्या माणसाला काही विचारताना पाहिलं नव्हतं. गाडी सुरू झाली आणि ते म्हणाले,

"कुटं निघालाव, सायेब?"

ड्रायव्हर उत्तर देणार होता, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खाली उतरलो. काकूंनी तांब्या भरून बाकावर ठेवलेला होता. मला खूप घाई होती, म्हणून मी आधी बसलो.